पाळणा वर थांबला तेव्हा

माझ्या सासऱ्यांशी लग्नानंतर मी एक शब्दही बोलले नव्हते, आणि तरी आमचं भांडण मात्र कधीच नव्हतं. आमच्या मारवाडी घरातली ती रीत. सून सासऱ्यासमोर घुंघट घेते आणि तोंड उघडत नाही. सासराही सुनेशी थेट बोलत नाही. माझं माहेर दोंडाईच्याचं, शाळा मराठी, आणि मी इतकी बडबडी की बाई मला कायम पहिल्या बाकावर, नजरेसमोर बसवायच्या. अशा मुलीला वडिलांनी विसरवाडीत छगनलाल ताडपत्रीवाल्यांच्या घरी दिलं. वडिलांचा माझ्यावर फार जीव होता, पण त्या दिवशी त्यांचं डोकं कुठे होतं कोण जाणे.

बोलत नाही म्हणून काम अडतं असं मात्र नाही. त्यासाठी फक्त मध्ये तिसरं माणूस लागतं. पापाजी, म्हणजे माझे सासरे, जेवायला बसले की मी चौथीतल्या माझ्या लेकीला म्हणते, "रिद्धी, दादाजींना विचार, भाजी वाढू का?" पापाजी दोन हातांवर बसलेले असतात, कान ठणठणीत. ते म्हणतात, "रिद्धी, मम्मीला सांग, थोडीच." रिद्धी ताटातून मानही वर करत नाही. तिला काही बोलावं लागत नाही, नुसतं मध्ये असावं लागतं. ती शाळेत असली तर माझ्या सासूबाई, अनोखीबाई, मध्ये असतात. त्याही देवळात गेलेल्या असल्या तर मी फ्रिजकडे बघून म्हणते, "सिलिंडर संपत आलाय, कुणीतरी सांगायला पाहिजे." तासाभरात सिलिंडर दारात. आमचा फ्रिज फार कर्तबगार आहे.

ही पद्धत भाजी आणि सिलिंडरपर्यंत उत्तम चालते. पोटच्या पोरीचा प्रश्न आला तेव्हा मात्र तिने माझा जीव काढला.

दिवाळीत माझे मोठे दीर ललितभाई आणि जाऊबाई सुरतेहून आले. जाऊबाई सहज म्हणाल्या, "रिद्धीला आमच्याकडे ठेवा ना. विसरवाडीत ट्रक मोजण्यापलीकडे काय शिकणार ती? आमच्या सोसायटीजवळच्या शाळेत पोहायचा तलावसुद्धा आहे." मी पुऱ्या तळत होते. घरी आलेल्या पाहुणीला तोंडावर नाही कोण म्हणतं? मी म्हटलं, "हो, शाळा चांगलीच असेल." बस्स, एवढंच. पुढची पुरी टाकली.

पाहुणे गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "यांनी हो म्हटलंय. जूनपासून रिद्धी सुरतेला."

पापाजी फार बोलत नाहीत, पण त्यांनी हो म्हटलं की विषय संपतो. माझ्या हातातली कढई तशीच राहिली. नवऱ्याला, पुनीतला, सांगितलं. पुनीत ट्रकवाल्यांशी दोरखंडाच्या भावावरून अर्धा तास हुज्जत घालू शकतो, पण वडिलांपुढे त्याचा घसा बसतो. "पापाजींचा शब्द आहे, ममता," तो म्हणाला. "मी कसं बोलू?" सासूबाईंना म्हटलं, "मम्मीजी, लहान आहे हो ती अजून." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, "पोरींना कधी ना कधी जावंच लागतं," म्हणाल्या, आणि मेथी निवडायला घेतली. रिद्धीमार्फत विचारावं, तर जिला पाठवायचं तिच्याच तोंडून काय विचारणार? शेवटी एकदा फ्रिजसमोर उभी राहिले. पापाजी मागे पेपर वाचत होते. तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही. पाण्याची बाटली काढून परत आले.

तेव्हापासून छातीत धडधडायला लागलं. फुलके करताना, भांडी लावताना, उगीचच. पुनीत घाबरून मला चिंचपाड्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, नळी लावली, सगळं बघितलं. म्हणाल्या, "हृदय उत्तम आहे. घरात मोकळं बोलता का?"

"बोलते ना. सगळ्यांशी."

पुनीत जमिनीकडे बघायला लागला. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गोळ्या लिहायचं सोडून म्हणाल्या, "कुठेतरी फिरून या. हसा, खा. आणि एकदा जोरात ओरडा. ओरडलं तर कुणी का म्हणून विचारणार नाही अशी जागा शोधा."

आता अशी जागा आपल्या भागात एकच. सारंगखेड्याची यात्रा भरलेली होती.

पुनीतने लगेच जाहीर केलं, "रविवारी सगळे यात्रेला. डॉक्टरांनी सांगितलंय." सोमवारी तो रिद्धीचं नाव घालायला सुरतेला निघणार होता. म्हणजे रविवारी हसायचं आणि सोमवारी पोरगी द्यायची. मी दशम्यांची कणीक अशी मळली की सासूबाई म्हणाल्या, "बिनणी, परात फुटेल." बिनणी म्हणजे आमच्यात सून.

रविवारी दुकानाच्या गाडीतून निघालो. गाडी दोधू चालवत होता. तो आमच्याकडे वर्षानुवर्षं आहे आणि अहिराणीशिवाय दुसरं काही बोलत नाही. पापाजी पुढे त्याच्या शेजारी, आम्ही सगळे मागे. पापाजी दर वर्षी यात्रेत जातात ते घोडे बघायला. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, घोडा तिकडेच राहिला, पण डोळे अजून घोड्यांवर आहेत.

दत्ताचं दर्शन घेतलं, नारळ फोडला आणि घोडेबाजारात शिरलो. दोधू माझ्या कानाशी कुजबुजला, "वहिनी, शेठ दरसाल घोडास्ना दात मोजतस, लेतस मात्र एकबी नही." मला घुंघटातल्या घुंघटात हसू आलं. पण त्या दिवशी पापाजींनी एकाही घोड्याचं तोंड उघडून बघितलं नाही. दिवाळीपासून ते असेच होते. जेवण अर्धवट, जेवल्यावर चूर्ण, आणि तासन्‌तास गप्प. घरात सगळे म्हणत, गॅस झालाय. मीही तेच म्हणायचे, आणि मनात म्हणायचे, होऊ दे.

हो, म्हणायचे. राग होता माझा.

घोड्यांच्या पलीकडे पाळण्यांचं मैदान होतं. काय नव्हतं तिथे? गरगर फिरणाऱ्या टोपल्या, पोटात गोळा आणणारी नाव, मौतका कुँवा, आणि सगळ्यांवर मान काढून उभा असलेला आकाशपाळणा. प्रत्येकाचं गाणं वेगळं आणि प्रत्येकाचा भोंगा दुसऱ्यापेक्षा मोठा. रिद्धीने आकाशपाळण्याकडे बोट दाखवलं आणि पाय रोवून उभी राहिली.

ठरलं असं की रिद्धी, मी आणि सासूबाई बसणार. पुनीतला घरात स्टुलावर चढलं तरी गरगरतं, तो आधीच "मी गरम भजी बघतो" म्हणून सटकला होता. सासूबाई मोठ्या ऐटीत रांगेत उभ्या राहिल्या. आमचा नंबर आला. त्यांनी मान वर केली, अगदी वरपर्यंत, आणि "हे बालाजी!" म्हणून दोन पावलं मागे सरकल्या. "मी खालूनच बघते. तुमच्या चपला सांभाळते."

"चपला पायातच राहतात, दादी!"

"तरी सांभाळते."

रिद्धीने मग जो हात सापडला तो ओढला. तो दादाजींचा निघाला. पापाजी नाही म्हणतील असं मला वाटलं, पण नातीपुढे त्यांचं कुठे काय चालतं? ते निमूटपणे आत चढले. मी बाहेरच थांबले. सासरे बसलेत त्या पाळण्यात सून कशी बसणार? घरी ते दिवाणावर बसले तर मी त्या खोलीत टेकत नाही.

पाळणेवाल्या पोऱ्याला आमच्या रीतीशी देणंघेणं नव्हतं. "ओ बाई, बठा ना! मांगे लाईन देखा किती शे! शेठ नि पोरगी तिकडे, तुम्ही समोर बठा. वजन सारखं लागस पाळणाले." मागच्या बायका ढकलत होत्या. रिद्धी "मम्मी, ये ना!" म्हणून रडकुंडीला आली होती. पाऊल कधी आत पडलं कळलंच नाही. त्याने दांडी खटकन लावली आणि आम्ही वर निघालो.

मी आणि पापाजी, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. ते डावीकडे बघत होते, मी उजवीकडे. घुंघट हनुवटीपर्यंत ओढलेला, एका हाताने तो धरलेला, दुसऱ्या हाताने दांडी. एकेक पाळणा भरत होता, त्यामुळे आम्ही थांबत थांबत वर सरकत होतो. खाली तापीचं पाणी पसरलेलं दिसत होतं, केळीची शेतं दिसत होती आणि घोड्यांचे तंबू रुमालाएवढे झाले होते. छान वाटत होतं खरं तर.

मग तो सुटला.

वरून खाली येताना पोट वरच राहतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी किंचाळले. अशी किंचाळले, की मीच दचकले. वारा घुसला आणि घुंघट उडाला. आता पदर धरायचा तर दांडी सोडावी लागणार. दुसऱ्या फेरीपर्यंत मी पदराचा नाद सोडला. दोन्ही हातांनी दांडी आवळली, डोकं उघडं, केस तोंडावर, आणि गळ्यातून एकसारखा "ओ मां! ओ मां!"

समोर पापाजीही ओरडत होते. आमचे गंभीर पापाजी, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने दुकानातली माणसं सरळ उभी राहतात, ते डोळे घट्ट मिटून "बालाजी, बचाव!" करत होते आणि रिद्धी त्यांच्या जाकिटात तोंड खुपसून बसली होती.

तिसऱ्या फेरीला काहीतरी सुटलं आतून. भीती नव्हती ती. भीती केव्हाच संपली होती, आणि ओरडायला गोड वाटायला लागलं होतं. दिवाळीपासून घशाशी अडकलेलं होतं ते सगळं वर आलं. सवयीने मी ओरडले, "रिद्धी, दादाजींना सांग!" पण आमचं टपालखातं बंद होतं. रिद्धीला काही ऐकू येत नव्हतं. पाळणा माथ्यावर पोचला, खाली झेपावला, आणि मी थेट पापाजींकडे बघत, जीव खाऊन ओरडले,

"मला रिद्धीला सुरतेला पाठवायचं नाही!"

पापाजींनी डोळे उघडले.

"काय?"

"पाठवायचं नाही म्हणतेय! माझी पोरगी आहे ती! मी नाही देणार!"

"मग पाठवताय कशाला?" तेही ओरडले. भोंगा इतका होता की ओरडल्याशिवाय इलाज नव्हता.

"मी? तुम्ही पाठवताय!"

"मी कुठे? तुमची इच्छा म्हणून मी हो म्हटलं!"

"माझी इच्छा? कुणी सांगितलं?"

"तुमच्या सासूने! म्हणाली, बिनणीला शाळा पसंत आहे!"

पाळणा हळू झाला. खाली माणसं उतरवायला लागले होते, आणि आमचा पाळणा नेमका सगळ्यात वर येऊन थांबला. गाणंही थांबलं. एकदम सगळं शांत, नुसता वारा. आम्ही दोघं धापा टाकत होतो.

आता ओरडायचं कारण उरलं नव्हतं, आणि बोलायची सवय नव्हती. मी बघितलं, तर पापाजींनी मान नदीकडे वळवली होती. माझं डोकं उघडं होतं, म्हणून. मी घाईने पदर शोधायला लागले, तो पाठीमागे सळईत गुंतला होता.

"वारा फार आहे," पापाजी नदीकडे बघतच म्हणाले. "राहू द्या."

मी हात खाली घेतले.

"पापाजी," मी म्हटलं. ही हाक मी पहिल्यांदा त्यांना मारली होती. "मी पुऱ्या तळत होते हो. जाऊबाई बोलल्या, तर शाळा चांगलीच असेल म्हटलं. पाहुण्यांना आणखी काय म्हणणार?"

पापाजींनी रिद्धीच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते.

"मला वाटलं, आईच म्हणतेय तर आजोबाने आडवं कशाला यायचं," ते म्हणाले. "लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला करमत नाही म्हणून पोरीचं शिक्षण अडवलं. दिवाळीपासून घास उतरत नाही माझा. ही दुकानात येऊन दोरखंडावर बसून अभ्यास करते ना, तेवढ्यासाठी मी दिवसभर गल्ल्यावर बसतो."

"घरचे म्हणत होते गॅस झालाय."

"मीही तेच म्हणत होतो. काय सांगणार?"

मला हसू फुटलं. पुऱ्या, गॅस, चूर्ण, डॉक्टर, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. एकाच छताखाली आम्ही दोघं एकाच गोष्टीपायी झुरत होतो, आणि ती गोष्ट दोघांनाही नको होती. पापाजीही हसायला लागले. ते खांदे उडवून हसतात हे मला माहीत नव्हतं. पाळणा डुगडुगला.

"हलू नका!" मी ओरडले. सासऱ्यांना दिलेला तो माझा पहिला हुकूम. ते चटकन गप्प बसले.

जाकिटातून रिद्धीचं डोकं बाहेर आलं. "थांबला? मग मी सुरतेला जाणार नाही?"

"नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मी जाणारच नव्हते," ती म्हणाली. "गोदामात ताडपत्र्यांच्या मागे लपणार होते. बिस्किटं पण नेऊन ठेवलीत." मग जरा विचार करून म्हणाली, "पण पोहायचा तलाव पाहिजे होता मला."

"नवापूरला बघू कुठे शिकवतात का," पापाजी म्हणाले. "मी घेऊन जाईन."

खाली उतरलो तेव्हा माझी छाती अगदी शांत होती. सासूबाईंनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. "बिनणी! डोक्यावरचा पदर!" मी पदर घेतला. केसांपर्यंत. तोंड उघडंच ठेवलं. त्यांनी पापाजींकडे बघितलं, पापाजी खिशात फोन शोधत होते.

दोधूही घोड्यांकडून येऊन पोचला होता. तो म्हणाला, "वहिनी, तुम्हना आवाज पार घोडास्पावत उना! मी म्हनतं, कोनले मारी ऱ्हायनात?"

"कुणाला नाही रे," मी म्हटलं. "बोलत होतो."

पुनीत भज्यांची पुडी घेऊन आला. पापाजींनी त्याच्या हातातलं एक भजं उचललं, खाल्लं, लगेच दुसरं उचललं. सासूबाई बघतच राहिल्या. मग पापाजींनी तिथेच, जिलबीच्या गाड्याशेजारी उभं राहून, सुरतेला फोन लावला. भोंगे परत सुरू झाले होते, त्यामुळे फोनवरही ते ओरडूनच बोलत होते.

"ललित, उद्या पुनीत येत नाही. रिद्धी इथेच शिकेल... नाही, नाही, तुमची काही चूक नाही, तुम्ही प्रेमानेच म्हणालात... कुणी ठरवलं म्हणजे?"

ते थांबले. एक बोट कानात घालून माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता 'मी ठरवलं' म्हणतील, म्हणजे प्रश्न मिटला. तेच सोपं होतं. किंवा 'रिद्धीच्या मम्मीने' म्हणतील, कारण त्यांच्या तोंडी माझं नाव म्हणजे एवढंच. माझं खरं नाव त्यांनी लग्नाच्या पत्रिकेवर वाचलं असेल, तेवढंच.

"ममताने," पापाजी म्हणाले. पलीकडून ऐकू गेलं नसावं, म्हणून आणखी मोठ्याने, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं, "ममताने ठरवलंय! आणि तिचं बरोबर आहे!"

मी तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले. पुनीत घाबरला, रिद्धी माझ्या कमरेला बिलगली, आणि सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत पापाजींना म्हणाल्या, "बघा, पाळण्याची चक्कर आली पोरीला."

"नाही, मम्मीजी," मी म्हटलं. पापाजी समोर होते, मध्ये कुणी नव्हतं. "चक्कर नाही आली. मला फार आनंद झालाय."